जपानी '~कोमु': जोडक्रियापद ओळखायचं कसं आणि वापरायचं कसं

जपानमध्ये राहायला गेलेल्या माणसाला 'कोमु' पहिल्या महिन्यातच गाठतो. घरभाडं बँकेतून पाठवायचं तर फुरिकोमु. परीक्षेचा अर्ज करायचा तर मोउशिकोमु. फॉर्मवर नाव-पत्ता भरायचा तर काकिकोमु. पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे आत आणायचे तर तोरिकोमु. स्टेशनवर गाडीची दारं मिटत असताना घोषणा ऐकू येते, 'काकेकोमि जोउशा वा ओयामे कुदासाइ', म्हणजे धावत येऊन गाडीत घुसू नका. दुकानातल्या किमतीशेजारी लिहिलेलं असतं झेइकोमि, करासकट.

वर्गात हे शब्द वेगवेगळ्या धड्यांत येतात, वेगवेगळ्या याद्यांत बसतात आणि विद्यार्थी ते सुटे सुटे पाठ करतो. असं करू नये असं माझं ठाम मत आहे. या सगळ्यांच्या शेवटी एकच क्रियापद आहे आणि त्याचा स्वभाव एकसारखा आहे: कोमु लागला की काहीतरी आत जातं, आणि गेलेलं सहजासहजी बाहेर येत नाही. मग ते पाण्यात उडी मारणारं माणूस असो, खात्यात भरलेले पैसे असोत की मनात घट्ट बसलेला गैरसमज. हे सूत्र हाताशी धरलं तर पुष्कळ शब्द शब्दकोश न उघडता लागतात. जे लागत नाहीत, तेही लक्षात राहायला सोपे जातात.

लेख लिहिताना जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत एन४ पातळीपर्यंत शिकलेले आणि आता पुढच्या एन३ची तयारी करणारे वाचक डोळ्यांसमोर आहेत, म्हणजे 'मासु' आणि 'ते' ही रूपं येतात असं गृहीत धरलं आहे. जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. 'ओउ' दिसेल तिथे लांब 'ओ' म्हणा, 'एइ' दिसेल तिथे लांब 'ए'. 'च' आणि 'ज' हे 'चहा' आणि 'जपान'मधले, 'झ' म्हणजे झेडचा उच्चार. शब्दाच्या शेवटचे इ आणि उ ऱ्हस्वच ठेवायचे.

पायरी पहिली: शब्द फोडा

जोडक्रियापदाला जपानीत 'फुकुगोउ दोउशि' म्हणतात. ते बनवायची रीत अगदी सरळ आहे. पहिल्या क्रियापदाचं 'मासु' रूप घ्यायचं, त्यातला 'मासु' काढायचा आणि उरलेल्या भागाला दुसरं क्रियापद चिकटवायचं. काकिमासु, काकि, काकिकोमु. तोबिमासु, तोबि, तोबिकोमु. कान्गाएमासु, कान्गाए, कान्गाएकोमु. काळ, नकार, आज्ञा, आदर हे सगळं शेवटच्या क्रियापदावर चालतं, पहिलं जागचं हलत नाही. कोमु हा नोमु आणि योमु यांच्यासारखा चालतो: कोमिमासु, कोन्दे, कोन्दा, कोमानाइ, आणि 'शकणे' या अर्थाने कोमेरु. म्हणून 'इथे नाव लिहा' हे 'कोको नि नामाए ओ काकिकोन्दे कुदासाइ', आणि 'ऑनलाइन अर्ज करता येतो' हे 'ओनराइन दे मोउशिकोमेमासु'.

मराठी माणसाचा हात इथे हटकून 'ते' रूपाकडे जातो, आणि त्याला कारण आहे. आपली संयुक्त क्रियापदं 'ऊन'वर उभी असतात आणि जपानीचं 'ते' रूप म्हणजे जवळजवळ आपलं 'ऊन'. खाऊन बघ म्हणजे ताबेते मिरु. खाऊन टाकलं म्हणजे ताबेते शिमात्ता. विकत घेऊन ठेवतो म्हणजे कात्ते ओकु. बघणे, टाकणे, ठेवणे ही आपली सहायक क्रियापदं तिकडे इतकी चपखल बसतात की मराठी विद्यार्थ्यांना हा भाग फारसा शिकवावा लागत नाही. पण कोमु या रांगेत बसत नाही. 'काइते कोमु' असं कोणी म्हणत नाही. मध्ये 'ते' आला की जोडक्रियापद मोडलं.

दोन्ही रचनांत फरक काय पडतो ते एका वाक्यात पाहू. 'क्योउशित्सु नि हाशित्ते हाइत्ता' म्हणजे तो धावत वर्गात शिरला. शिरला ही मुख्य क्रिया, धावत ही तिची रीत. 'क्योउशित्सु नि काकेकोन्दा' म्हटलं की धावणं आणि शिरणं यांची एकच क्रिया होते. त्यात घाई ऐकू येते: घंटा व्हायच्या आत पोचायचं होतं, दार बंद व्हायच्या आत घुसायचं होतं. स्टेशनवरच्या घोषणेत हाच शब्द का निवडला आहे ते आता कळेल.

लिखाणात कोमु ओळखणं अजून सोपं आहे. त्याची कांजी, म्हणजे अर्थ दाखवणारं लिपिचिन्ह, पाच रेघांची आहे. वर 'आत जाणे' या शब्दाचं चिन्ह आणि डावीकडून खाली वळणारं, वाटचाल दाखवणारं अंग. ही चीनमधून आलेली कांजी नाही, ती जपानमध्येच घडवलेली आहे. अशा चिन्हांना 'कोकुजि' म्हणतात. कोमु एकटाही येतो, तेव्हा अर्थ 'गर्दी असणे': 'देन्शा गा कोन्दे इरु', गाडीला गर्दी आहे. मात्र गर्दीच्या अर्थी हल्ली बहुधा 'मिसळणे'ची कांजी लिहितात. २०१० साली सुधारलेल्या अधिकृत कांजी-यादीत तिला 'कोमु' हे वाचन दिलं गेलं. त्यामुळे पाच रेघांची ती कांजी शब्दाच्या शेवटी दिसली की जोडक्रियापद समोर आहे असं समजायला हरकत नाही.

उच्चाराबद्दल थोडं. जोडक्रियापदात कोमुचा 'गोमु' होत नाही. नामाला जोडला तर होऊ शकतो, जसं हितोगोमि म्हणजे माणसांची गर्दी. काही शब्दांत पहिलं अंग आक्रसतं: त्सुकु आणि कोमु मिळून त्सुक्कोमु, हिकु आणि कोमु मिळून हिक्कोमु. टोकियोच्या प्रमाण बोलीत बहुतेक कोमु-शब्दांमध्ये आवाज 'को'पर्यंत चढलेला राहतो आणि 'मु'वर खाली येतो. ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या.

पायरी दुसरी: 'नि' शोधा

शब्द फोडल्यावर लगेच अर्थाकडे धावू नका. आधी वाक्यात 'नि' लागलेली जागा आहे का ते बघा. कोमु समजण्याची खरी किल्ली या छोट्याशा प्रत्ययात आहे.

'काकेरु' म्हणजे धावणे. 'हेया नि काकेरु', खोलीत धावणे, असं जपानीत होत नाही. धावण्यात 'कुठे पोचलं' ही जागाच नसते. पण 'हेया नि काकेकोमु' एकदम नैसर्गिक आहे. कोमुने वाक्यात एक नवी जागा उघडली, 'कशात?' या प्रश्नाच्या उत्तराची. पूरु नि तोबिकोमु, पोहण्याच्या तलावात उडी मारणे. योउशि नि काकिकोमु, फॉर्मात लिहिणे. कोउझा नि फुरिकोमु, खात्यात पैसे भरणे. रेत्सु नि वारिकोमु, रांगेत मध्येच घुसणे. काबान नि त्सुमेकोमु, पिशवीत कोंबणे. जिथे 'नि' आहे तिथे अर्थ जवळजवळ नेहमी 'आत' असा घ्यायचा.

कधी ही जागा उघड सांगितलेली नसते, कारण ती सगळ्यांना ठाऊक असते. 'सेन्ताकुमोनो ओ तोरिकोमु' म्हणताना कपडे घरात आणायचे हे वेगळं सांगावं लागत नाही. 'कुसुरि ओ नोमिकोमु' म्हणजे गोळी गिळणे, गोळी जाणार घशातच. इथे 'नोमु' आणि 'नोमिकोमु' यांतला फरक नीट बघा. डॉक्टर 'नोन्दे कुदासाइ' म्हणतात तेव्हा औषध घ्या एवढंच सांगतात. 'नोमिकोन्दे कुदासाइ' म्हटलं तर चघळू नका, तोंडात ठेवू नका, गिळून टाका. यावरूनच 'नोमिकोमि गा हायाइ' असा वाक्प्रचार आहे. शिकवलेलं ज्याच्या डोक्यात चटकन शिरतं, त्याच्याबद्दल असं म्हणतात. नवीन नोकरीत वरिष्ठांनी तुमच्याबद्दल हे म्हटलं तर ते मनापासूनचं कौतुक समजा.

या 'आत'चं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कवितेत आहे. सतराव्या शतकातला जपानी कवी बाशो याची १६८६ सालची बेडकाची हायकू: 'फुरुइके या, कावाझु तोबिकोमु, मिझु नो ओतो'. जुनं तळं, बेडूक उडी घेतो, पाण्याचा आवाज. जुन्या छापील पाठांपैकी एकात 'तोबिकोमु'च्या जागी 'तोन्दारु', म्हणजे नुसतं 'उडी मारलेला', असंही सापडतं. दोन्ही पाठ शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. 'तोन्दारु'मध्ये बेडूक हवेत असतो. 'तोबिकोमु'मध्ये तो पाण्याखाली गेलेला असतो, म्हणून पुढच्या ओळीत फक्त आवाज उरतो. हायकूत 'नि' नाही, तरी 'कशात?'चं उत्तर पहिल्याच शब्दात देऊन ठेवलेलं आहे.

या गटातल्या शब्दांची नामंही रोज भेटतात. 'मोचिकोमि किन्शि', बाहेरच्या वस्तू आत आणायला मनाई. ही पाटी बहुधा बाहेरचं खाणंपिणं आणू नये म्हणून लावलेली असते. 'तोबिकोमि एइग्योउ', आधी वेळ न घेता थेट दारात जाऊन विक्री करणे. 'काकेकोमि जुयोउ' हा बातम्यांतला शब्द: कर वाढायच्या आत लोक खरेदीला धावतात ती मागणी. उपभोग कर एप्रिल २०१४ मध्ये पाचवरून आठ टक्के झाला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये दहा टक्के. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांत हा शब्द सारखा दिसत होता. आणि 'काकेकोमिदेरा', धावत येऊन आश्रय घ्यायचं मंदिर. कामाकुरातलं तोउकेइजि मंदिर १२८५ साली त्या काळचे कामाकुराचे शासक होउजोउ तोकिमुने यांच्या पत्नीने, काकुसान या भिक्षुणीने, स्थापन केलं. नवऱ्याच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या बायका तिथे आश्रयाला येत आणि ठरावीक काळ राहिल्यावर त्यांना घटस्फोट मिळे. धावून आत शिरायचं आणि मग कोणी बाहेर ओढू शकत नाही, हा कोमुचा अर्थ त्या शब्दात पुरेपूर उतरला आहे. आजही अडल्यानडल्यांना हक्काने जाता येईल अशा संस्थेला जपानीत काकेकोमिदेरा म्हणतात.

पायरी तिसरी: जागा नसेल तर माणूस कशात बुडालाय ते बघा

'नि' सापडत नाही आणि जागा गृहीतही धरता येत नाही, तेव्हा बहुधा माणूस स्वतःच एखाद्या अवस्थेत खोल गेलेला असतो. कान्गाएकोमु, विचारात बुडून जाणे. दामारिकोमु, एकदम गप्प होऊन गप्पच राहणे. हानाशिकोमु, गप्पांत इतकं रमणे की वेळेचं भान सुटावं. ओचिकोमु, खचणे, मन खट्टू होणे. सुवारिकोमु, थकून मटकन खाली बसणे, आणि त्याचं नाम सुवारिकोमि म्हणजे चक्क धरणं, मागणी मान्य होईपर्यंत उठायचं नाही असं बसणं.

नेकोमुचा उपयोग ऑफिसात होतो. 'नेते इमाशिता' म्हटलं तर 'झोपलो होतो' एवढंच कळेल. तापाने अंथरुणाला खिळलो होतो हे सांगायचं तर 'काझे दे नेकोन्दे इमाशिता'. रजेचं कारण सांगताना हा फरक मोठा आहे.

कान्गाएकोमुबाबतही सावध राहा. 'खूप विचार केला' हे अभिमानाने सांगायचं असेल तर हा शब्द चालणार नाही. कान्गाएकोमुत माणूस विचारात अडकतो, उत्तर सापडलेलं नसतं, कपाळाला आठ्या असतात. शेवटपर्यंत विचार करून निर्णयाला येणं यासाठी कान्गाएनुकु हा वेगळा शब्द आहे. मुलाखतीत 'कान्गाएनुइते किमेमाशिता', पूर्ण विचारांती ठरवलं, असं म्हणा.

या गटातला सर्वांत कामाचा शब्द माझ्या मते ओमोइकोमु. 'क्योउ वा यासुमि दा तो ओमोत्ते इता' म्हणजे आज सुट्टी आहे असं वाटत होतं. 'क्योउ वा यासुमि दा तो ओमोइकोन्दे इता' म्हणजे आज सुट्टीच आहे असं मी घट्ट धरून बसलो होतो, आणि ते चुकीचं निघालं. चूक होती हे वेगळं सांगावं लागत नाही, शब्दातच आहे. ऑफिसात गैरसमजुतीतून काही राहून गेलं तर 'ओमोइकोन्दे ओरिमाशिता' म्हणून माफी मागतात. त्यात सबब कमी आणि कबुली जास्त वाटते. म्हणूनच स्वतःच्या बरोबर असलेल्या मताबद्दल ओमोइकोमु कधीही वापरू नका, आणि समोरच्याच्या मताला 'ओमोइकोमि' म्हणणं हा जवळजवळ आरोप आहे हेही ध्यानात ठेवा.

हवामानावर बोलण्यासाठी हिएकोमु आहे. हिवाळ्यात सकाळी शेजारी भेटले की 'केसा वा हिएकोमिमाशिता ने', आज पहाटे चांगलीच थंडी पडली होती नाही. शेजारपाजाऱ्यांशी बोलायला सुरुवात करायची तर याहून सोयीचं वाक्य मिळणार नाही.

पायरी चौथी: मुरण्याचा अर्थ

तिसरा अर्थ मराठी माणसाला 'मुरणे' या एका क्रियापदाने कळतो. लोणचं बरणीत घालून चालत नाही, ते मुरावं लागतं. कोमु काही क्रियापदांना हेच लावतो: पुन्हा पुन्हा, पुरेसा वेळ, आतपर्यंत. निकोमु, मंद आचेवर मुरेपर्यंत शिजवणे. त्सुकेकोमु, मसाल्यात किंवा मिठात मुरवत ठेवणे. शिमिकोमु, रस आतपर्यंत भिनणे. तांदळाबरोबरच भाज्या, मशरूम, मासे घालून शिजवलेला भात म्हणजे ताकिकोमिगोहान.

स्वयंपाकघराबाहेरही हाच अर्थ चालतो. शर्यतीच्या तयारीसाठी महिनोन्महिने धावून पाय तयार करतात ते हाशिरिकोमु. मुलाला किंवा शिकाऊ कामगाराला पक्कं होईपर्यंत शिकवतात ते ओशिएकोमु. वर्षानुवर्षं वापरून हाताला बसलेली वस्तू ती त्सुकाइकोन्दा. 'त्सुकाइकोन्दा फुराइपान' हे तव्याचं कौतुक आहे. पण 'काइशा नो काने ओ त्सुकाइकोमु' म्हणजे कंपनीच्या पैशांची अफरातफर. कर्म कोणतं आहे ते बघितल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लावायचा नाही.

पुण्यातून जपानला जाणाऱ्या अभियंत्यांना हे दोन अर्थ, आत आणि मुरणे, कामाच्या जागी रोज लागतात. गाडीच्या किंवा यंत्राच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरला, आपण ज्याला एम्बेडेड म्हणतो, 'कुमिकोमि सोफुतो' म्हणतात. प्रोसेसरचं इंटरप्ट म्हणजे वारिकोमि, रांगेत मध्ये घुसण्याचाच शब्द. फाइल लोड करणं योमिकोमु, मेमरीत लिहिणं काकिकोमु, यादी गाळून कमी करणं शिबोरिकोमु. कारखान्यात ऐकू येणारं एक वाक्य तर पाठच करून ठेवा: 'हिन्शित्सु वा कोउतेइ दे त्सुकुरिकोमु'. गुणवत्ता शेवटच्या तपासणीत आणायची नसते, काम होतानाच प्रत्येक टप्प्यावर मालात भरायची असते. नुसतं 'त्सुकुरु' म्हटलं असतं तर गुणवत्ता 'बनवायची' एवढाच अर्थ निघाला असता. ती मालाच्या आत जाऊन बसते, मागाहून वरून चढवता येत नाही, हा विचार कोमुने आणला.

आत आणि मुरणे यांच्या सीमेवर काही शब्द आहेत. काइकोमु म्हणजे भरपूर खरेदी करून घरात साठा करणे, वादळाची सूचना आली की पाणी आणि खाणं काइकोमु करतात. किकोमु म्हणजे थंडीसाठी एकावर एक कपडे चढवणे. हे कोणत्या गटात टाकायचे यावर वेळ घालवू नका.

पायरी पाचवी: जे फुटत नाहीत ते आख्खे शिका

मोउशिकोमु फोडला तर 'मोउसु', नम्रपणे सांगणे, आणि कोमु. यातून 'अर्ज करणे' आपोआप निघत नाही, पण कळल्यावर पटतं: आपलं म्हणणं त्यांच्या दारात नेऊन टाकायचं. 'शिकेन नि मोउशिकोमु', परीक्षेचा अर्ज करणे. अर्जाचा कागद म्हणजे मोउशिकोमिशो. लिहिताना नामांमधली हिरागाना अक्षरं पुष्कळदा गाळतात, त्यामुळे छापील फॉर्मवर दोन-तीन कांजी सलग दिसतील. वाचताना 'शि' आणि 'मि' आपण भरायचे.

मिकोमु फसवा आहे. 'मि' म्हणजे बघणे, म्हणून 'आत डोकावणे' असा अर्थ लावला जातो. डोकावण्याला नोझोकिकोमु म्हणतात. मिकोमु म्हणजे अंदाज धरणे, अपेक्षा ठेवणे. विद्यार्थ्यांना हा शब्द कागदपत्रांत भेटतो: शेवटच्या वर्षात असलेल्याने अर्जात 'सोत्सुग्योउ मिकोमि' लिहायचं असतं, म्हणजे अमुक महिन्यात पदवी मिळणे अपेक्षित.

फुरिकोमु तर टाळताच येत नाही. एटीएमच्या पडद्यावर 'ओहिकिदाशि' आणि 'ओफुरिकोमि' अशी बटणं असतात. पहिलं पैसे काढायचं, दुसरं दुसऱ्याच्या खात्यात पाठवायचं. जवळच बहुधा सावधगिरीची सूचना असते आणि तिच्यात 'फुरिकोमे सागि' हा शब्द दिसू शकतो. फुरिकोमे हे आज्ञार्थी रूप आहे, 'पैसे भर!'. फोनवर मुलगा किंवा नातू असल्याची बतावणी करून वृद्धांना पैसे पाठवायला लावणाऱ्या फसवणुकीला जपानच्या पोलीस यंत्रणेने २००४ साली हे नाव दिलं. नवख्या माणसानेही लक्षात ठेवावं: फोनवर कोणी एटीएमपाशी जाऊन फुरिकोमि करा म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा.

झेइकोमि हे जोडक्रियापद नाही, 'झेइ' म्हणजे कर हे नाम आहे, पण कोमि तोच. १ एप्रिल २०२१ पासून ग्राहकांना दाखवायच्या किमती करासकट देणं बंधनकारक झालं. तरी पाटीवर झेइनुकि, करावेगळी किंमत, मोठ्या आकड्यांत आणि झेइकोमि बारीक अक्षरात असू शकते. पैसे द्यायचे ते बारीक अक्षरातले.

पायरी सहावी: स्वतः वापरताना

सर्वांत महत्त्वाचा नियम: मनाने नवे शब्द बनवू नका. भाषाशास्त्रज्ञ तारोउ कागेयामा यांनी १९९३ मध्ये जपानी जोडक्रियापदांचे दोन मोठे वर्ग मांडले. एका वर्गातली दुसरी क्रियापदं जवळजवळ कशालाही लागतात, जसं 'हाजिमेरु': ताबेहाजिमेरु, योमिहाजिमेरु, काहीही करायला लागणे. दुसऱ्या वर्गातल्या जोड्या भाषेत ठरून गेलेल्या असतात. कोमु या दुसऱ्या वर्गातला. म्हणून काकिकोमु आहे तसा 'इकिकोमु' असेल असं धरून चालू नका, तो नाही. ऐकलेला किंवा वाचलेलाच शब्द वापरायचा.

कर्म घ्यायचं की नाही हे बहुधा पहिल्या क्रियापदावरून ठरतं. तोबु कर्म घेत नाही म्हणून तोबिकोमुही घेत नाही. काकु 'ओ' घेतो म्हणून काकिकोमुही घेतो. अपवाद आहेत, त्यातला उचिकोमु लवकर भेटेल: कीबोर्डवर टाइप करताना तो 'ओ' घेतो, पण 'शिगोतो नि उचिकोमु' म्हणजे कामाला वाहून घेणे, तिथे नुसता 'नि'.

सौजन्याची दोन वाक्यं तयार ठेवा. अर्ज किंवा नोंदणीबद्दल चौकशी करताना 'मोउशिकोमि ओ शिताइ नो देसु गा', असं शेवट अर्धवट सोडून म्हणायचं. आणि कोणी कामात किंवा अडचणीत असताना हाक मारावी लागली तर 'ओतोरिकोमिच्युउ सुमिमासेन', गडबडीत आहात, त्रास देतोय, माफ करा. कपडे आत घेण्याचाच तो तोरिकोमु, इथे घरात आलेल्या धांदलीसाठी.

पायरी सातवी: उलट जोडीने सराव करा

कोमु एकटा घोकण्यापेक्षा 'दासु' बरोबर घ्या, म्हणजे बाहेर. मोचिकोमु, आत आणणे. मोचिदासु, बाहेर नेणे. ओइकोमु, कोंडीत पकडणे. ओइदासु, हाकलून देणे. तोबिकोमुच्या उलट तोबिदासु, म्हणून शाळेजवळच्या रस्त्यावर 'तोबिदाशि च्युउइ' अशी पाटी, मुलं अचानक धावत बाहेर येतात, जपून. मात्र बोलण्या-रडण्याच्या क्रियापदांना लागला की दासुचा अर्थ 'एकदम सुरू होणे' असा होतो. हानाशिदासु म्हणजे बोलायला लागणे, हानाशिकोमु म्हणजे बोलण्यात रंगून जाणे. इथे आत-बाहेर शोधू नका.

नवा शब्द तपासायला जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेचा, कोकुरित्सु कोकुगो केन्क्युउजोचा, जोडक्रियापदांचा ऑनलाइन कोश आहे. त्यात २,७०० हून जास्त जोडक्रियापदं आहेत, प्रत्येकाचा अर्थ, उदाहरणं आणि लागणारे प्रत्यय दिलेले आहेत. दुसरं क्रियापद निवडून सगळी यादी एकत्र काढता येते. कोमुची यादी काढा, पण आख्खी पाठ करू नका. भेटलेले शब्द त्यात शोधून वहीत वाक्यासकट लिहा, 'नि' किंवा 'ओ' अधोरेखित करून.

आता तीन वाक्यं स्वतः फोडून बघा. एक, 'आमे गा हेया नि फुकिकोमु'. फुकु म्हणजे वारा वाहणे. दोन, 'काइगि दे मिन्ना दामारिकोन्दा'. तीन, 'ओदेन नि आजि गा शिमिकोन्दे इरु'. आजि म्हणजे चव, ओदेन म्हणजे हिवाळ्यात खातात ते रश्शात उकळलेले मुळा, अंडी वगैरे. पहिल्यात 'नि' आहे, खोलीत पावसाची झड येतेय. दुसऱ्यात 'दे' आहे, जागा फक्त बैठकीची, आत कोणी गेलेलं नाही; सगळे गप्प झाले आणि गप्पच राहिले. तिसऱ्यात 'नि'ही आहे आणि मुरणंही आहे, चव आतपर्यंत भिनली आहे. दुसरं वाक्य अडलं असेल तर पायरी तिसरी पुन्हा वाचा, आणि तिसरं अडलं असेल तर चौथी.